मोबाईल काढून घेतल्याने मूल सुरक्षित होत नाही

सिंदी (रेल्वे) असो की नागपूर, मुलांच्या इंटरनेटवरच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की एकच उपाय ठासून सांगितला जातो: मोबाईलच काढून घ्या. हे ऐकून कान किटले आहेत, कारण या उपायाचा फायदा थेट मुलाला फसवणाऱ्यालाच होतो. तो ऑनलाइन गेमच्या चॅटवर समवयस्क म्हणून ओळख काढतो, मग व्हॉट्सॲपवर नेतो, खासगी फोटो मागतो आणि फोटो हाती पडला की धमकावतो, 'तुझ्या बाबांना पाठवतो.' या धमकीत जोर कशाचा? घरच्यांच्या धाकाचा! सांगितलं तर मोबाईल जाईल, मार बसेल, हे ज्या लेकराला पक्कं ठाऊक असतं, ते गप्प राहतं, आणखी फोटो देतं, आईच्या फोनवरून पैसे पाठवतं. पैसे दिल्याने हा छळ क्वचितच थांबतो, असं अमेरिकेच्या एफबीआयनेही बजावलं आहे. मग मुलांना मोकाट सोडायचं का? मुळीच नाही. वेळेची मर्यादा हवी, रात्री फोन मोठ्यांजवळ हवा. पण घडलेलं सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही, हा शब्द मुलाला आधीच दिलेला हवा, आणि तो पाळायलाही हवा.

'पोलिसांत तक्रार केली तर गावात बदनामी होईल,' हा पुढचा आक्षेप. लहान गावात ती भीती खोटी नाही, पण मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तिचा विचार केला आहे. कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि पोलीस गणवेशात नसावेत. मुलाची ओळख छापायला माध्यमांना कलम २३ ची बंदी आहे. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा; रक्कम पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते. रागाच्या भरात चॅट पुसू नये, तो पुरावा आहे. मुलाचा खासगी फोटो मात्र नातेवाइकांना पाठवू नये, तो गुन्हा ठरतो.

आता उरलेले गैरसमज. 'हे मुलींच्याच बाबतीत घडतं': पॉक्सोत अठराच्या आतलं कोणीही मूलच आहे. 'ब्राउझरच्या इन्कॉग्निटो मोडमध्ये काय पाहिलं ते कोणालाच दिसत नाही': फक्त त्या फोनवरची नोंद राहत नाही. आणि तान्हा पोळ्यात नंदीबैल घेऊन उभ्या लेकराचा फोटो नाव, शाळा, वर्ग लिहून समाजमाध्यमावर सर्वांना दिसेल असा टाकला तर काय बिघडतं? ओळख काढायला निघालेल्याला तेवढीच माहिती हवी असते.