परसातील आंबा : ‘पाड’ आणि ‘झेला’

रत्नागिरीच्या परसात रायवळ व हापूस शेजारी उभे असले, तरी त्यांची फळे मिळविण्याची रीत भिन्न आहे. ‘पाड लागणे’ म्हणजे फळ झाडावरच पिकू लागणे. रायवळाच्या बाबतीत ही शुभवार्ताच. गळालेला आंबा मुले वेचून चोखतात. हापूस मात्र त्यापूर्वीच, तयार पण कठीण असता, झेल्याने उतरवावा लागतो. काठीच्या टोकाला पाते व जाळी असलेल्या या साधनाचे नाव ‘झेलणे’ या क्रियापदावरून साधलेले आहे, आणि मर्मही तेच : फळ भुईवर आपटता कामा नये. देठ मुळाशी तुटल्यास चीक ओघळून साल डागाळते. असे फळ आढीत टिकत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने फळ देठासह निघावे म्हणून सुधारलेले साधन सिद्ध केले; त्याचे नाव ‘नूतन झेला’.