नॉर्डिक नॉयर : खून, गुपित आणि विश्वासघात

१. प्रस्तावना

स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे या देशांतील गुन्हेपटांशी तुमची ओळख बहुधा मोबाइलच्या पडद्यावर झाली असेल. करडे आकाश, ओला रस्ता, कमी बोलणारी तपास-अधिकारी आणि पहिल्याच प्रसंगात सापडणारा मृतदेह ही त्यांची वरवरची ओळख. या घटकात आपल्याला त्याखालची रचना समजून घ्यायची आहे. नेहमीच्या रहस्यकथेत 'खून कोणी केला?' हा मुख्य प्रश्न असतो. इथे तो प्रश्न असतोच, पण त्याच्या जोडीला आणखी एक असतो : 'या खुनामुळे कोणावरचा विश्वास मोडला?' हा दुसरा प्रश्न हाताशी ठेवला की या कलाकृती का लिहिल्या गेल्या आणि त्या आपल्याला का भिडतात, हे उलगडू लागते.

एक सूचना : विवेचनाच्या ओघात काही कथांचे शेवट उघड केले आहेत.

२. संज्ञेचा अर्थ

स्कँडिनेव्हिया म्हणजे काटेकोर अर्थाने डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. फिनलंड व आइसलंड धरले की 'नॉर्डिक' हा शब्द वापरतात. 'नॉयर' हा 'काळा' या अर्थाचा फ्रेंच शब्द. १९४० च्या दशकातील काही अमेरिकी गुन्हेपटांना फ्रेंच समीक्षकांनी 'फिल्म नॉयर' म्हटले, तेव्हापासून तो चित्रपट-अभ्यासात रुळला. 'नॉर्डिक नॉयर' ही जोडसंज्ञा मात्र त्या देशांत रूढ झालेली नाही. २०११ च्या सुमारास डॅनिश व स्वीडिश मालिका ब्रिटिश दूरचित्रवाणीवर गाजल्या, आणि तिथे ती लोकप्रिय झाली. म्हणजे हे नाव बाहेरच्या प्रेक्षकाने दिलेले आहे, हे लक्षात ठेवा.

३. पार्श्वभूमी : 'लोकांचे घर'

स्वीडनचे समाजवादी लोकशाहीवादी नेते पेर आल्बिन हान्सन यांनी १९२८ मध्ये देशासाठी एका घराची प्रतिमा मांडली. चांगल्या घरात कोणी लाडका नसतो, कोणी सावत्र नसतो. देशही तसाच असावा, असा त्या कल्पनेचा गाभा. पुढे शिक्षण, आरोग्य, निवृत्तिवेतन यांची जबाबदारी शासनाने उचलली. नागरिक कर भरतो आणि शासन आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही असे धरून चालतो. कल्याणकारी राज्य या परस्पर विश्वासावर उभे असते.

या विश्वासाला पहिला मोठा प्रश्न विचारला तो माय शोवाल आणि पेर वालो या लेखक-जोडीने. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी पोलीस-अधिकारी मार्टिन बेक याच्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या कादंबरीत, 'रोझाना'मध्ये, कालव्यातील गाळ उपसताना एका अनोळखी स्त्रीचे प्रेत वर येते. हे दोघे डाव्या विचारांचे होते. गुन्हेकथा सर्वसामान्य वाचक आवडीने वाचतो, म्हणून समाजाची चिकित्सा त्याच मार्गाने करायची, असे त्यांनी ठरवले होते. बेक हा काही शेरलॉक होम्ससारखा बुद्धीचा चमत्कार नाही. तो थकतो, त्याचे पोट बिघडते, संसार विसकटतो आणि तपास महिनोन्महिने रखडतो. पुढच्या अनेक तपास-अधिकाऱ्यांचा साचा इथे तयार झाला.

दहाव्या कादंबरीत स्वीडनच्या पंतप्रधानांची हत्या होते. ती प्रसिद्ध झाल्यानंतर अकरा वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री, पंतप्रधान ओलोफ पाल्मे पत्नीसह चित्रपट पाहून पायी घरी निघाले असता स्टॉकहोममध्ये त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. सोबत अंगरक्षक नव्हता. एका संशयिताला १९८९ मध्ये खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले, पण त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने त्याची सुटका केली. २०२० मध्ये तपास बंद झाला. शिक्षा कोणालाही भोगावी लागली नाही. पंतप्रधानाच्या खुनाचाही छडा लागत नाही, ही जाणीव नंतरच्या स्वीडिश गुन्हेकथेमागे सतत उभी असलेली दिसते.

४. खून : कोणाच्या मृत्यूची दखल घेतली जाते?

डॅनिश मालिका 'फोर्ब्रुडेल्सन' २००७ मध्ये आली. नावाचा अर्थ 'गुन्हा'. लेखक सोरेन स्वाइस्ट्रुप. पहिल्या पर्वात एकोणीस वर्षांच्या नाना बिर्क लार्सन हिचा खून होतो आणि वीस भागांत वीस दिवसांचा तपास उलगडतो. नेहमीच्या मालिकेत मृत व्यक्ती पहिल्या दहा मिनिटांनंतर केवळ एक नाव उरते. इथे पोलीस, शहराच्या महापौरपदाची निवडणूक आणि नानाचे आईवडील असे तीन धागे बरोबरीने चालतात. अंत्यविधीची तयारी, धाकट्या भावांना काय सांगायचे, रिकाम्या खोलीचे काय करायचे, यांना तपासाइतकाच वेळ दिला आहे. ही मालिका डॅनिश सार्वजनिक प्रसारण संस्थेची होती. मनोरंजक कथानकाखाली सामाजिक वा नैतिक प्रश्नाचा दुसरा थर असलाच पाहिजे, असे त्या संस्थेच्या नाट्यविभागाचे धोरण होते. त्याला 'दुहेरी कथन' म्हणतात. या मालिकेची अमेरिकेत आणि २०२५ मध्ये हिंदीतही रूपांतरे झाली आहेत.

२०११ च्या 'ब्रोन' या डॅनिश-स्वीडिश मालिकेत हा प्रश्न अधिक थेट येतो. नावाचा अर्थ 'पूल'. स्वीडनचे माल्मो आणि डेन्मार्कचे कोपनहेगन यांना जोडणाऱ्या ओरेसुंड पुलावर, नेमक्या सीमारेषेवर, एक मृतदेह सापडतो. उचलताना कळते की तो दोन वेगवेगळ्या स्त्रियांचा आहे : वरचा भाग स्वीडनमधील एका राजकीय नेत्या स्त्रीचा, तर खालचा देहविक्रय करणाऱ्या डॅनिश स्त्रीचा. पहिलीसाठी दोन देशांची यंत्रणा धावते. दुसरी कितीतरी आधीच बेपत्ता झालेली होती आणि तिच्या शोधाकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. कायद्यापुढे सगळे समान आहेत का, असा जाहीर प्रश्न खुनी विचारतो, आणि प्रेक्षकाची पंचाईत होते : विचारणारा क्रूर आहे, पण प्रश्न खोटा नाही.

५. गुपित : सभ्य घराच्या तळघरात

हेनिंग मांकेल यांच्या कुर्ट वालांडर मालिकेतील पहिली कादंबरी १९९१ ची. दक्षिण स्वीडनमध्ये एका वृद्ध शेतकरी दांपत्यावर हल्ला होतो. मरण्यापूर्वी वृद्धा 'परदेशी' अशा अर्थाचा शब्द उच्चारते. ही बातमी फुटते आणि आश्रयाला आलेल्या निर्वासितांवर हल्ले सुरू होतात. खुनाचा शोध बाजूला राहतो. गावाने मनात दडवलेला द्वेष हेच मोठे गुपित ठरते.

स्टीग लार्सन हे पत्रकार अतिउजव्या संघटनांचा अभ्यास करत. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या स्वीडिश नावाचा अर्थ 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष' असा आहे. इंग्रजी अनुवादात ते बदलून नायिकेच्या अंगावरील गोंदणाचे नाव दिले गेले, आणि शीर्षकातला आरोपच नाहीसा झाला. कथेत एका प्रतिष्ठित उद्योगपती घराण्याचा नाझी भूतकाळ दडलेला आहे. नायिका लिस्बेथ सालांडर हिच्यावर अत्याचार करणारा माणूस तिचा कायदेशीर पालक म्हणून शासनानेच नेमलेला आहे. 'लोकांचे घर' ही कल्पना आठवा : इथे राखणदारच चोर निघतो.

६. विश्वासघात : तपास करणाराच दोषी

अंधार ही या प्रकाराची खूण मानतात, पण १९९७ चा 'इन्सोम्निया' हा नॉर्वेजियन चित्रपट उलट बाजूने जातो. दिग्दर्शक एरिक शोल्डब्यार्ग. उत्तर नॉर्वेच्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. एका मुलीच्या खुनाच्या तपासासाठी आलेला स्वीडिश अधिकारी धुक्यात चुकून आपल्याच सहकाऱ्यावर गोळी झाडतो, आणि ते लपवतो. ज्या खुन्याचा तो माग काढतो आहे, त्यानेच ते पाहिले आहे. आता दोघे एकमेकांच्या गुपिताला बांधलेले आहेत. लख्ख उजेडात त्याला झोप येत नाही. क्रिस्टोफर नोलन यांनी २००२ मध्ये याचे अमेरिकी रूपांतर केले. त्यात अधिकारी शेवटी मरतो आणि मरताना सचोटीची बाजू घेतो. मूळ चित्रपटात तो शिक्षेविना, गुपित सोबत घेऊन निघून जातो. दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहा. एक हिशेब पूर्ण करतो, दुसरा प्रेक्षकाच्या पदरात टाकतो.

'ब्रोन'मध्येही शेवटी पत्ते उलटतात. समाजातील विषमतेवर बोलणाऱ्या खुन्याचा खरा हेतू वैयक्तिक सूड हा असतो. तपास करणाऱ्या मार्टिन या डॅनिश अधिकाऱ्याचे त्याच्या पत्नीशी संबंध होते. मित्राने केलेला विश्वासघात हे मूळ, आणि सामाजिक प्रश्न हा त्यावरचा मुखवटा.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप वास्तवाचा. ज्या देशांत खुनांचे प्रमाण जगाच्या तुलनेत कमी आहे, तिथल्या लहान गावांत इतके खून कसे? याचे उत्तर असे की या कथा गुन्ह्यांची नोंदवही नाहीत. जिथे विश्वास जास्त, तिथे तो मोडण्याची भीतीही मोठी. कथा त्या भीतीला आकार देतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्त्रीवरील हिंसेचा निषेध करणाऱ्या कथा तीच हिंसा बारकाईने दाखवून प्रेक्षक खेचतात का? 'ब्रोन'मधील खुनी दुबळ्यांचे दुःख स्वतःच्या सोयीसाठी वापरतो. मालिका बनवणारेही कधी कधी तेच करत नाहीत का? याचे एक सरसकट उत्तर देता येणार नाही, पण एक कसोटी सांगता येते. मृत व्यक्तीला कथेत स्वतःचे आयुष्य मिळते का, की तिचे केवळ शरीर दाखवले जाते? 'फोर्ब्रुडेल्सन' या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते. तिचे अनुकरण करणाऱ्या अनेक मालिका उतरत नाहीत.

८. सारांश

नॉर्डिक नॉयरमध्ये खून हे निमित्त असते. त्या निमित्ताने कुटुंब, पोलीस आणि शासन या तीन ठिकाणी ठेवलेल्या विश्वासाची तपासणी होते. खुनी सापडतो, पण मोडलेला विश्वास परत येतोच असे नाही. म्हणूनच या कथांचा शेवट समाधानाऐवजी अस्वस्थता देतो.

९. स्वाध्याय

१. 'दुहेरी कथन' म्हणजे काय, ते 'फोर्ब्रुडेल्सन'च्या तीन धाग्यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'इन्सोम्निया'च्या दोन्ही शेवटांची तुलना करा. तुम्हाला कोणता अधिक प्रामाणिक वाटतो आणि का?
३. तुमच्या भाषेतील एखादी गुन्हेमालिका निवडा. मृत व्यक्तीविषयी तुम्हाला किती गोष्टी कळतात आणि खुन्याविषयी किती, याची दोन स्तंभांत नोंद करा. त्या नोंदीवरून मालिकेला कोणाच्या आयुष्यात रस आहे, ते दहा ओळींत लिहा.