खेळणे आणि प्रतिकृती

दिवाळीत अंगणात मुले मातीचा किल्ला उभारतात तेव्हा त्यावर मांडलेला मावळा पुष्कळदा महादरवाजापेक्षा उंच असतो आणि पायथ्याच्या विहिरीत त्याचे पाऊलही मावत नाही. मुलांना त्यात काही खटकत नाही व खटकावे असेही नाही. खेळण्याने मनाची हौस पुरवली की त्याचे काम झाले. परंतु एखाद्या वर्षी त्यांतल्याच एका मुलाला प्रश्न पडतो की, हा मावळा या दरवाजातून आत जाणार कसा? त्या क्षणी खेळण्याची हद्द संपून प्रतिकृतीची विद्या सुरू होते. मोटारी व मालट्रक यांच्या लहान प्रतिकृती घडविण्याचा जो छंद जगभर रूढ आहे, त्याचे सारे मर्म या एका प्रश्नात साठविलेले आहे.

प्रतिकृतीचा प्राण म्हणजे प्रमाण. मूळ वस्तूची लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही मापे एकाच संख्येने भागावयाची, कोठेही सूट घ्यावयाची नाही, एवढाच हा नियम. उदाहरणार्थ, दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलीस जीपच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ८० इंच होते. एकास चोवीस या प्रमाणात ते सव्वातीन इंचांहून किंचित अधिक भरते. एकास चौसष्ट या प्रमाणात बरोबर सव्वा इंच. विलीसच्याच जातीच्या जीपगाड्या महिंद्र कंपनीने पुढे मुंबईत जुळविण्यास आरंभ केला व कालांतराने त्याच कंपनीचा कारखाना नाशिकला आला. तेव्हा नाशिककराला हा हिशेब परका वाटण्याचे कारण नाही.

चोवीस, त्रेचाळीस, चौसष्ट, सत्त्याऐंशी असे चमत्कारिक आकडे कोठून आले, असे कोणी विचारील. त्यांचे मूळ इंग्रजी मापांत आहे. एका फुटाला अर्धा इंच धरला की एकास चोवीस होते. खेळातल्या आगगाड्या करणाऱ्यांनी फुटाला सात मिलिमीटर धरले, त्यातून सुमारे एकास त्रेचाळीस आले आणि त्या आगगाडीच्या स्थानकाबाहेर उभ्या करावयाच्या मोटारीही त्याच मापाच्या झाल्या. सातचे निम्मे साडेतीन मिलिमीटर धरले की एकास सत्त्याऐंशी. उलट इंग्लंडमध्ये १९५३ सालापासून निघालेल्या 'मॅचबॉक्स' मोटारी काड्यापेटीएवढ्या खोक्यात मावाव्यात अशा बेताने केल्या जात. त्यामुळे मोठी बस व लहान मोटार दोन्ही सारख्याच लांबीच्या होत. ती उत्तम खेळणी होती. पण तेथे खोके हेच प्रमाण ठरले होते.

नियम सोपा असला तरी निसर्ग त्यास सर्वस्वी वश होत नाही. लांबी चोवीस पटींनी घटली की आकारमान चोवीसच्या घनाने, म्हणजे १३,८२४ पटींनी घटते. मालासह सोळा टन भरणारा ट्रक त्याच द्रव्यांचा, एकास चोवीस या प्रमाणात केला तर त्याचे वजन १,१६० ग्रॅमच्या आसपास येईल. मुलाच्या हातून खेळातली गाडी पडली तरी ती सहसा शाबूत राहते, याचे एक कारण हेच. दुसरी अडचण जाडीची. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा चोवीसाने भागला तर कागदाहूनही पातळ होतो. तेवढा पातळ पत्रा हाताळणे अशक्य. म्हणून कारागीर जाड पुठ्ठा वापरतो व जेथे कडा दिसते तेथेच ती तासून बारीक करतो. रंगाचेही तसेच आहे. एकदाच जाड हात दिला तर दारांच्या फटी बुजतात आणि गाडी मेणाची दिसू लागते. म्हणून अस्तराचा हात, मग बारीक काचकागदाने घासणे, मग पातळ रंगाचे तीन-चार हात, असा क्रम ठेवावा लागतो. शिवाय लहान वस्तूवर रंग गडद भासतो. जाणते लोक मूळ छटेत चिमूटभर पांढरा मिसळतात.

परदेशी छांदिष्टांस तयार सुट्या भागांच्या पेट्या मिळतात. १९५८ पासून अमेरिकेतील ए. एम. टी. या कंपनीने अशा पेट्या काढल्या की, त्यांतून एकच मोटार मूळ रूपात, शर्यतीच्या रूपात किंवा हौशीने सजविलेल्या रूपात जोडता यावी. आपल्या इकडच्या वाहनांचे मात्र तसे नाही. लाल एस. टी. ची प्रतिकृती करणारे हौशी तरुण महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ते फोमचे तक्ते, पुठ्ठा व पारदर्शक प्लास्टिक यांतून सारी गाडी हाताने उभी करतात. त्यांना पहिला प्रश्न सोडवावा लागतो तो असा की, गाडी कोणत्या साली धावणारी? १ जून १९४८ रोजी पुणे ते तत्कालीन अहमदनगर या मार्गावर पहिली एस. टी. निघाली. आरंभीच्या त्या बेडफर्ड गाड्यांची अंगे लाकडी, बैठकी काथ्याच्या, रंग निळा आणि छप्पर रुपेरी होते. म्हणजे १९४८ ची गाडी लाल रंगविणारा कारागीर मापात अचूक असूनही इतिहासात चुकला. प्रमाण जसे लांबीला असते तसे काळालाही असते.

स्थळालाही ते असते. निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार तेथे असल्याने हंगामात ट्रॅक्टर व कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या यांची तेथे दाटी होते. ही ट्रॉली कोणत्याही विलायती पेटीत मिळणार नाही. ती करू इच्छिणाऱ्याने प्रथम उभ्या ट्रॉलीला टेप लावून हौद्याची लांबी-रुंदी, फाळक्याची उंची, चाकाचा व्यास ही मापे वहीत उतरवावीत आणि समोरून, मागून व दोन्ही बाजूंनी सरळ छायाचित्रे घ्यावीत. तिरके छायाचित्र मापाच्या कामी फसवते. नंतर कागदावर प्रमाणात आराखडा काढून तो पुठ्ठ्यावर चिकटवावा व धारदार पात्याने कापावा. एकाच दमात न कापता हलक्या हाताने तीन-चार वेळा पाते फिरविल्यास कडा स्वच्छ येते. चारी चाके एका पातळीत आहेत की नाहीत, हे काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहावे.

आता हौद्यात कांदा भरावयाचा. येथे प्रमाणाची खरी परीक्षा होते. एकास चोवीस या मापात ज्वारीचा चार मिलिमीटरचा दाणा जवळजवळ दहा सेंटिमीटरचा, म्हणजे लहान नारळाएवढा होतो. मोहरीचा दाणा दोन मिलिमीटरच्या आत असतो. तो मात्र मध्यम कांद्याच्या जागी चपखल बसतो. तळाशी पुठ्ठ्याचा उंचवटा करून वर डिंकाने रंगविलेल्या मोहरीचा थर दिला की विंचूरच्या बाजारातली ट्रॉली तयार झाली. ट्रकच्या फाळक्यावरील अक्षरांतही हेच तारतम्य हवे. 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ साली मनाई झाली. तेव्हा त्यानंतरच्या सालाची पाटी असलेल्या मराठी ट्रकावर ते लिहिण्यापूर्वी विचार करावा.

इतका काटेकोरपणा कशासाठी, अशी शंका व्यवहारी गृहस्थास येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मुंबईच्या रस्त्याने दिले आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी अनेक वर्षे त्या शहराची काळी-पिवळी टॅक्सी होती. तिची शेवटची नोंद २००३ च्या ऑक्टोबरात झाली आणि टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात ती भाड्याच्या रस्त्यावरून उतरली. जी वस्तू दारी रोज उभी असते तिचे माप कोणी घेत नाही, आणि ती भंगारात गेल्यावर माप घेण्यास काही उरत नाही. राजांच्या पालख्या संग्रहालयात जातात. कांद्याची ट्रॉली तेथे जात नाही. पुण्यास भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली खुले झाले, ते एका माणसाच्या अशाच छंदाचे फळ होय.

म्हणून ज्या घरात मूल कात्री-पुठ्ठा घेऊन बसते, तेथे वडीलधाऱ्यांनी त्याच्या हाती आणखी दोन वस्तू द्याव्यात : एक मोजपट्टी आणि एक वही. विषय दूर शोधावयास नको. दारावरून जाणारे जे वाहन आणखी दहा वर्षांनी दिसणार नाही असे वाटते, त्याचे माप आजच घ्यावे.