पुन्हा तोच प्रश्न

परीक्षा संपते, मुलं केंद्राबाहेर येतात आणि घोळक्यातलं कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, "तो मधमाश्यांचा उतारा आठवतोय? माझ्या मैत्रिणीला मार्चमध्ये हाच आला होता." क्षणभर सगळे गप्प. मग दोन तट पडतात. काहींना वाटतं भास असेल, असले उतारे एकाच साच्यातले असतात. काहींची खात्रीच पटते की पेपर फुटला. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीची एसएटी देणाऱ्या मुलांमध्ये ही कुजबुज जुनी आहे. ही परीक्षा मुंबई-पुण्यातूनही देता येते, त्यामुळे ती आपल्याकडेही पोचली आहे.

असं काही ऐकलं की माझ्याही मनात दोनच शक्यता यायच्या. एकतर पेपर फुटला असणार, नाहीतर पेपर काढणाऱ्यांनी आळस केला असणार. तिसरी शक्यता कळली तेव्हा मी थक्क झालो. काही प्रश्न मुद्दाम, विचारपूर्वक पुन्हा विचारले जातात. ते तसे विचारले नाहीत तर दोन वेगवेगळ्या दिवशी मिळालेल्या गुणांची तुलनाच करता येणार नाही.

नाशिकच्या आणि कोल्हापूरच्या दोन दुकानांतले तराजू सारखे आहेत का, हे कसं ओळखाल? तांदूळ वेगळा, गिऱ्हाइकं वेगळी. दिवसभराची विक्री पाहून काहीच कळणार नाही. पण एकच वजन पिशवीत घालून दोन्हीकडे नेलं आणि दोन्ही काटे काय दाखवतात ते पाहिलं, की निकाल लागला. परीक्षेत हे पिशवीतलं वजन म्हणजे दोन्ही पेपरांत ठेवलेले सामाईक प्रश्न. जाणकार त्यांना 'अँकर' प्रश्न म्हणतात आणि दोन पेपरांचे गुण एका पातळीवर आणण्याला 'इक्वेटिंग'.

समजा, ऑक्टोबरच्या मुलांना पेपरात सरासरी ३८ गुण पडले आणि नोव्हेंबरच्या मुलांना ३४. नोव्हेंबरची मुलं कच्ची होती, की पेपर अवघड होता? नुसत्या या दोन आकड्यांकडे वर्षभर पाहत बसलं तरी उत्तर सापडायचं नाही. आता दोन्ही गटांना २० प्रश्न तेच दिले होते आणि त्यांत दोघांची सरासरी १३ आली, असं कळलं तर? मुलं तुल्यबळ आहेत, पेपरच अवघड होता. मग नोव्हेंबरच्या ३४ ला ऑक्टोबरच्या ३८ इतकं मोल द्यायचं. त्या २० प्रश्नांत नोव्हेंबरची सरासरी ११ आली असती, तर मात्र फरकाचा काही भाग मुलांच्या पदरी टाकावा लागला असता. प्रत्यक्षातलं गणित याहून बरंच गुंतागुंतीचं असतं, पण त्याचा गाभा हाच.

पहिली एसएटी २३ जून १९२६ रोजी झाली. सुमारे ८,००० मुलं बसली होती आणि ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न होते. तेव्हा ही युक्ती वापरात नव्हती. त्या त्या वेळी बसलेल्या मुलांची सरासरी ५०० धरून गुण द्यायचे, एवढाच हिशोब होता. म्हणजे मुलाची तुलना फक्त त्याच्याबरोबर बसलेल्यांशी. आपल्या एमएचटी-सीईटीचं पर्सेंटाइल याच जातीचं आहे: तुमच्या सत्रातली किती टक्के मुलं तुमच्याइतक्या किंवा तुमच्याहून कमी गुणांवर आहेत, ते त्यातून कळतं. वेगवेगळ्या सत्रांत वाटली गेलेली मुलं साधारण सारख्या कुवतीची आहेत, असं त्यात गृहीत धरावं लागतं.

अमेरिकेत १९४१ मध्ये हे बदललं. त्या एप्रिलमध्ये बसलेल्या दहा हजारांहून थोड्या अधिक मुलांची शाब्दिक विभागातली सरासरी ५०० धरली आणि ती मोजपट्टी तिथेच गोठवली. पुढचा पेपर त्या पेपराशी जोडला, त्याच्या पुढचा त्याच्याशी. गणिताच्या विभागालाही लवकरच अशीच पट्टी मिळाली. पुढची पन्नासहून अधिक वर्षं ही साखळी चालू राहिली. म्हणजे १९८५ साली शाब्दिक विभागात ५०० मिळवणाऱ्या मुलीचा आकडा, मधल्या असंख्य पेपरांतल्या सामाईक प्रश्नांना धरून मागे मागे जात, १९४१ च्या त्या दहा हजार मुलांपर्यंत पोचत होता. तिचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची ती मुलं! साठच्या दशकापासून अमेरिकेत गुण घसरू लागले, देशभर वाद झाला, १९७७ मध्ये एका समितीचा अहवाल आला. ही घसरण दिसली कशी? दरवेळी ताज्या सरासरीला ५०० म्हटलं असतं तर ती कधीच दिसली नसती. १९९५ मध्ये सरासरी पुन्हा ५०० च्या आसपास आणून बसवली, तोवर शाब्दिक विभागाची सरासरी सव्वाचारशेच्या घरात उतरली होती.

हे जुने प्रश्न लपवायचे कुठे? २००५ ते २०१६ च्या कागदी एसएटीत २५ मिनिटांचा एक विभाग गुणांत धरलाच जात नसे. तो कोणता, हे मुलांना सांगत नसत. त्यात कुणाला अगदी नवे, चाचणीसाठीचे प्रश्न येत, तर कुणाला जोडणीसाठीचे जुने. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा तोच विभाग वेगळा असू शकत असे. बाहेर आल्यावर त्यावरून किती तर्क लढत असतील!

या सगळ्या बांधणीचा जीव एका गोष्टीत अडकलेला आहे. पिशवीतलं वजन वाटेत कुणी घासता कामा नये. जुना प्रश्न बाहेर फिरू लागला की मोजपट्टीच आखडते. मे २०१३ मध्ये दक्षिण कोरियात प्रश्न फुटल्याच्या संशयावरून संपूर्ण देशातली एसएटी रद्द करावी लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत झालेला पेपर आदल्या ऑक्टोबरात आशियात दिला गेलेलाच आहे, असं मुलांच्या लक्षात आलं आणि ती बातमी झाली. ही पुनरावृत्ती मी सांगतोय त्या प्रकारची नव्हे. चार सामाईक प्रश्न ठेवणं वेगळं, अख्खा जुना पेपर पुन्हा काढणं वेगळं. त्या मुलांचा राग मला पूर्ण रास्त वाटतो.

प्रश्न फुटल्याचं कुणी सांगितलं नाही, तरी आकडे सांगतात. सगळे अँकर प्रश्न दोन्ही गटांना किती अवघड गेले, याचा आलेख काढला की ठिपके साधारण एका रेषेवर बसतात. गट हुशार असेल तर सगळेच प्रश्न थोडे सोपे जातात आणि रेष सरकते. पण एखादाच ठिपका एकटा रेषेबाहेर उडाला, काल अवघड असलेला एकच प्रश्न आज अचानक सोपा झाला, तर त्याच्यावर संशय घ्यायचा आणि त्याला मोजणीतून काढायचं. कधी तो शाळेत नव्याने शिकवला गेलेला असतो, कधी फुटलेला.

गुप्ततेला दुसरी बाजूही आहे. न्यूयॉर्क राज्याने १९७९ मध्ये कायदा करून परीक्षेनंतर प्रश्न आणि उत्तरं मुलांना पाहता येतील अशी सोय करायला लावली. १९८२ च्या एका पेपरात प्रश्न होता: लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश आहे, ते मोठ्याच्या कडेने घरंगळत मूळ जागी येईपर्यंत स्वतःभोवती किती फेरे घेईल? अपेक्षित उत्तर होतं ३. खरं उत्तर ४, आणि ते पर्यायांत नव्हतंच. घरी दोन सारखी नाणी घेऊन करून पाहा: एक स्थिर धरा, दुसरं त्याच्या कडेने फिरवा. एकच फेरा व्हायला हवा असं वाटतं, पण होतात दोन, कारण नाणं घरंगळता घरंगळता वळसाही घालत असतं. तीन विद्यार्थ्यांनी चूक कळवली आणि सुमारे ३ लाख मुलांचे गुण पुन्हा मोजावे लागले. प्रश्न उघड झाला म्हणून चूक सापडली. पण उघड झालेला प्रश्न पुन्हा वजन म्हणून वापरता येत नाही. या दोहोंपैकी एक निवडायची वेळ आली तर मी त्या तीन मुलांच्या बाजूने उभा राहीन.

२०२४ च्या मार्चपासून अमेरिकेतही एसएटी संगणकावर आली. आता शेजारी बसलेल्या दोघांपुढे प्रश्नांचे वेगवेगळे संच येतात. एकूण ९८ प्रश्न, त्यांतले ८ गुणांत न धरलेले. कोणते, ते मुलांना कळत नाही. नवा प्रश्न आधी या आठांत बसतो. हजारो मुलं तो सोडवतात, कुणाला जमतो, कुणाला नाही, हे पाहून त्याची काठिण्यपातळी ठरते. मग तो खऱ्या गुणांच्या प्रश्नांत जातो.

तेव्हा केंद्राबाहेरची ती कुजबुज अगदी खरी असू शकते, आणि तरीही पेपर फुटलेला नसू शकतो. मार्चमध्ये मैत्रिणीला आलेला मधमाश्यांचा उतारा कदाचित त्या आठांपैकी असेल. तिने त्यावर कपाळाला आठ्या घालून दोन मिनिटं घालवली असतील, तिला त्याचा एकही गुण मिळाला नसेल, आणि तिच्यासारख्यांच्या उत्तरांवरूनच आज हिच्यासमोर आलेल्या त्याच उताऱ्याची किंमत ठरली असेल.