पापुद्रा टिकतो एनॅमलच्या जोरावर

सिरॅमिकचं व्हिनियर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा, बसवण्याआधी पाहिलं तर त्याच्यावर भरवसा बसत नाही. जाडी जेमतेम 0.3 ते 0.7 मिलिमीटर. चिमटीत दाब जरा जास्त पडला तरी ते तडकतं. पण नीट चिकटवलेलं हेच व्हिनियर तोंडात पंधरा-वीस वर्षं टिकतं. रोजचं चावणं, गरम चहा आणि थंड पाणी, सगळं सोसतं. जाहिरातींत याचं श्रेय सिरॅमिकच्या ब्रँडला दिलं जातं. माझ्या मते ते दाताच्या स्वतःच्या एनॅमलला द्यायला हवं.

पापुद्र्याची कल्पना जुनी आहे. 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस हॉलिवूडच्या नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरते पातळ पापुद्रे बसवत. ते कवळीच्या पावडरीनं चिकटवलेले असत, त्यामुळे काम संपलं की काढावे लागत. दाताला कायमचं धरून राहील असं काहीच तेव्हा हाताशी नव्हतं.

वाट सापडली 1955 मध्ये, अमेरिकेतल्या रॉचेस्टरला. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे दंतवैद्य मायकेल बुओनोकोरे यांना माहीत होतं. त्यांनी तेच आम्ल, 85 टक्के तीव्रतेचं, दाताच्या एनॅमलवर 30 सेकंद लावून पाहिलं. त्यानंतर लावलेलं प्लॅस्टिक दाताला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काळ धरून राहिलं. आज आम्ल साधारण 37 टक्क्यांचं असतं आणि वेळ 15 ते 30 सेकंद. आम्ल धुऊन दात वाळवला की चकाकी जाते आणि पृष्ठभाग खडूसारखा पांढरट दिसतो. दंतवैद्य हीच खूण शोधत असतो.

एनॅमल वजनानं सुमारे 96 टक्के खनिज असतं, सूक्ष्म दांड्यांच्या रूपात घट्ट रचलेलं. दांडीचा गाभा आणि तिची कड आम्लात सारख्या वेगानं विरघळत नाहीत, म्हणून तिथे असंख्य बारीक खळगे पडतात. त्यांत रेझिन हे पातळ प्लॅस्टिक झिरपतं आणि तिथेच कडक होतं. गिलावा धरावा म्हणून गवंडी काँक्रीटला टाचे मारतो, तसंच हे काम. फक्त इथले टाचे मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढे.

सिरॅमिकची आतली बाजूही अशीच खडबडीत करावी लागते. त्यासाठी काच खाणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते अत्यंत घातक असल्यामुळे तोंडाबाहेर, पूर्ण काळजी घेऊन वापरतात. लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकला 5 टक्क्यांचं आम्ल 20 सेकंद पुरतं, जुन्या धाटणीच्या पोर्सेलीनला जास्त वेळ लागतो. मग सायलेन लावतात. त्याच्या रेणूचं एक टोक काचेला जोडलं जातं, दुसरं रेझिनला. सिमोन्सेन आणि कलामिया या दंतसंशोधकांनी 1983 मध्ये आम्लानं खरवडलेल्या पोर्सेलीनची ही पकड दाखवून दिली आणि आजच्या व्हिनियरचा रस्ता मोकळा झाला. झिर्कोनिया या सिरॅमिकमध्ये काचच नसते, म्हणून त्यावर हे आम्ल चालत नाही. ‘सगळ्यात मजबूत’ म्हणून झिर्कोनियाचं व्हिनियर मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दात आणि व्हिनियर यांच्यामधलं सिमेंट रेझिनचंच असतं. व्हिनियर पातळ असल्यामुळे निळा प्रकाश त्यातून आरपार जातो आणि सिमेंट पक्कं होतं. तोवर दातावर लाळेचा ओघळही येता कामा नये. लाळेची पुटं खळगे बुजवतात आणि आम्ल पुन्हा लावावं लागतं. लाळ अडवणारा रबराचा पडदा, म्हणजे रबर डॅम, लावून घेताना जबडा अवघडतो, पण तो लावणारा दंतवैद्य तुमच्या भल्याचंच करत असतो.

आता मुख्य मुद्दा. एनॅमलखाली डेंटिन असतं. ते ओलसर, सूक्ष्म नलिकांनी भरलेलं आणि कोलॅजनयुक्त असतं. रेझिन त्यालाही चिकटतं, पण ती पकड ओलाव्यात वर्षागणिक क्षीण होत जाते. शिवाय डेंटिन एनॅमलपेक्षा लवचीक असतं. पाया वाकला की वरची ठिसूळ काच तडकते. पुढच्या दातांच्या हिरडीजवळ एनॅमल अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतं, म्हणजे व्हिनियरसाठी दात घासणारा बर जरा खोल गेला की डेंटिन उघडं पडलंच. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. घासलेलं एनॅमल परत येत नाही. निरोगी, सरळ दात केवळ आणखी शुभ्र दिसावेत म्हणून घासून घेणं म्हणूनच मला पटत नाही. वाकडे दात सरळ दिसावेत म्हणून खोलवर घासण्यापेक्षा आधी तारा लावून ते ओळीत आणणं केव्हाही बरं.

खरी गरज असलेले लोक आपल्याकडे आहेतच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि लग्नाच्या वयात ही मुलं तोंडावर हात धरून हसतात. अशा एनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही, म्हणून आम्ल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावं लागतं. डाग उथळ असतील तर वरचा थर हलकेच खरवडून किंवा ब्लीचिंगनंच काम भागतं आणि व्हिनियर लागत नाही. ब्लीचिंगनंतरही व्हिनियर बसवायचंच ठरलं, तर मध्ये दोनेक आठवडे जाऊ द्यावेत. दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला पक्कं होऊ देत नाही. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून ही थांबण्याची मुदत कापून मागू नये.