विश्लेषण : कॅनडातील तरुण क्वार्टरबॅक अमेरिकेची वाट का धरतात?

मायदेशातील सीएफएल की अमेरिकेतील एनएफएल? कॅनडातील फुटबॉलमध्ये तरुण क्वार्टरबॅकपुढे हाच पेच असतो. नेथन रोर्कचे उदाहरण बघा. बीसी लायन्सकडून खेळताना २०२२ मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम कॅनेडियन ठरला आणि २०२३ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडे गेला. त्या वर्षी सीएफएलचे किमान वेतन ७० हजार कॅनेडियन डॉलर होते. एनएफएलच्या मुख्य संघातील नवोदिताला किमान साडेसात लाख अमेरिकी डॉलर, तर सराव संघात आठवड्याला १२ हजार. १८ आठवड्यांचे २ लाख १६ हजार, म्हणजे चलनातील फरक धरता न खेळताही चौपट! पण खेळायचे कधी? चार संघ फिरूनही रोर्कला नियमित हंगामातला एकही सामना मिळाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तो लायन्सकडे परतला, २०२६ पर्यंतच्या करारावर.