दारातली बाग, एक शिलिंग आणि घरी येणारी नर्स

परसबाग कशी लावायची, सांडपाणी कुठे वळवायचं, यावर आपण पुष्कळ बोललो. आज लावलेली बाग दुसऱ्यांना दाखवण्याबद्दल बोलू. दाखवून काय मिळतं, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही आधी तेच म्हटलं होतं.

इंग्लंडमध्ये ही रीत जवळजवळ शंभर वर्षं चालू आहे, आणि तिची सुरुवात आजारपणातून झाली. तिथे घरोघरी जाऊन गरीब आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्स असायच्या. सरकारी मोफत आरोग्यसेवा १९४८ साली आली. त्याआधी या नर्सचा खर्च बराचसा देणग्या-वर्गण्यांतून निघायचा. पैसा कसा उभा करायचा याची चर्चा चालली असताना एल्सी वॅग नावाच्या बाईंनी सुचवलं, ज्यांच्या चांगल्या बागा आहेत त्यांनी दार उघडावं आणि बघायला येणाऱ्याकडून एक शिलिंग घ्यावा. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे रक्कम फार नव्हे. १९२७ साली ६०९ बागा उघडल्या आणि ८,१९१ पौंड जमले. आपण गटाच्या वहीत करतो तसा हिशेब आम्ही करून पाहिला. माणशी एक शिलिंग धरला तर एक लाख साठ हजारांहून जास्त माणसं झाली, एका बागेला सुमारे २७०! पुढे नर्सचा भार सरकारने उचलला, पण बागा बंद झाल्या नाहीत. त्यातला काही पैसा म्हाताऱ्या झालेल्या, निवृत्त नर्ससाठी वापरला गेला. आज साडेतीन हजारांच्या आसपास बागा या योजनेत आहेत. तिचं नाव नॅशनल गार्डन स्कीम.

पहिल्यांदा यात मोठ्या वाड्यांच्या बागा होत्या. त्या सांगून आपल्याला काय उपयोग? आपल्या कामाच्या आहेत त्या छोट्या. एवढीशी बाग दहा मिनिटांत बघून होते, तेवढ्यासाठी लांबून कोण येणार? म्हणून एका गल्लीतली चार-सहा घरं मिळून एकाच दिवशी दार उघडतात. चहा आणि घरचा केक असतो, रोपंही विकायला ठेवतात.

तिकडे निवृत्त लोकांच्या वेगळ्या वसाहती असतात. मुलं लांब, मोठं घर झेपत नाही, म्हणून उतारवयात तिथे छोटं घर घेतात. दारापुढे जागा आपल्या ओट्याएवढी. गुडघे वाकत नाहीत म्हणून वाफे कमरेइतके उंच बांधतात, खुर्चीवर बसून तण काढता येतं. वाट रुंद आणि सपाट ठेवतात, चाकाची खुर्ची जावी म्हणून. अशा ठिकाणी बाग उघडायची म्हणजे एरवी ज्या दारात कोणी येत नाही, तिथे दिवसभर माणसं येऊन विचारतात, हे कोणतं झाड, कसं वाढवलंत?

आपल्याकडे तशी वसाहत नाही म्हणा. पण पोरं पुण्या-मुंबईला गेली की आपली वस्तीही तशीच होते. दोन-दोन म्हातारी माणसं आणि मागे परस. म्हणून गेल्या मार्गशीर्षात आमच्या गटाने चार आजींच्या परसबागांची फेरी काढली.

पहिल्याच घरी आम्ही चुकलो. चाळीस-पंचेचाळीस जणी एकदम आत शिरलो आणि वाटेकडेचा मेथीचा वाफा पार तुडवला. आजी काही बोलल्या नाहीत, आम्हालाच लाज वाटली. पुढच्या घरापासून पंधरा-पंधरा जणी सोडल्या, वाफ्याच्या कडेला काठ्या रोवून जुनं लुगडं बांधलं, आजींना सावलीत खुर्ची दिली. विचारल्याशिवाय पानही तोडायचं नाही, हे दारातच सांगितलं. चहा आजींवर टाकला नाही. साखर, पूड, दूध सगळं गटाचं, आणि चहा एकाच ठिकाणी.

मग आजी बोलायला लागल्या. घेवड्याचं बी राखेत का ठेवायचं, दुधी बियाण्याला ठेवायचा तर वेलावरच वाळू का द्यायचा, न्हाणीच्या पाण्यावर अळू कसा पोसतो. एका आजींकडे सासूच्या वेळेपासून राखलेलं वालाचं बी होतं. त्यांच्या सुनेलाही ते ठाऊक नव्हतं, ती आमच्याबरोबर पहिल्यांदा ऐकत होती.

अडलं ते पैशावर. माणशी दहा रुपये घ्यायचे आणि त्यातून म्हाताऱ्या बायांना दवाखान्यात न्यायला रिक्षाचं भाडं द्यायचं, असं बैठकीत ठरलं होतं. पण आजी म्हणाल्या, "दारात आलेल्या पाहुण्याकडून पैसे? माझ्या दारात डबा ठेवायचा नाही." त्यांचं चुकलं असं आम्हाला वाटत नाही. आम्ही डबा उचलून चहाच्या जागी नेला. साडेचारशेच्या वर जमले, गटाच्या वहीत वेगळ्या पानावर लिहिले. त्यातून दोघींच्या तालुक्याच्या फेऱ्या झाल्या, बीपीच्या गोळ्या आणायला. त्यातली एक त्या डब्याला नको म्हणणारीच होती. भाडं कुठून आलं, हे तिने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, यावर आमच्यात अजून दोन मतं आहेत.

यंदा पाच घरं ठरली आहेत. पहिल्या घरच्या आजींचा निरोप आलाय, या वेळी मेथी वाटेपासून लांब पेरणार आहेत.